ब्रॉयलरच्या खाद्यात हर्बल मेथिओनाइन आणि हर्बल कोलीन सिंथेटिकच्या जागी चालतील का?

माणदेशी_कुक्कुटपालक

नमस्कार. सांगोला तालुक्यात माझे सहा हजार ब्रॉयलर पक्ष्यांचे शेड आहे. मी कोणत्याही कंपनीच्या करार पद्धतीत नाही. पिल्ले स्वतः विकत घेतो आणि खाद्यही स्वतःच्या ग्राइंडर-मिक्सरवर तयार करतो, त्यामुळे खाद्यात काय घालायचे आणि काय वगळायचे हा निर्णय माझा असतो आणि त्याचा नफा-तोटाही माझ्याच पदरी पडतो.

माझ्या स्टार्टर खाद्याच्या (पहिल्या तीन आठवड्यांच्या) एका टनात मका ५८० किलो, सोयाबीन पेंड ३६० किलो आणि तेल ३० किलो असते. उरलेल्या ३० किलोंमध्ये डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, मीठ, व्हिटॅमिन व खनिजांचे प्रीमिक्स, लायसिन, २.२ किलो डीएल-मेथिओनाइन (सिंथेटिक अमिनो आम्ल) आणि ६० टक्क्यांचे कोलीन क्लोराइड (कोलीन या व्हिटॅमिनसदृश पोषकद्रव्याचे सिंथेटिक रूप) १ किलो असे घटक येतात. फिनिशरमध्ये (त्यानंतरच्या खाद्यात) मका ६४० आणि पेंड २८५ किलोच्या आसपास राहते.

अलीकडे एका विक्रेत्याने हर्बल मेथिओनाइन, हर्बल कोलीन आणि हर्बल व्हिटॅमिन सी अशी तीन उत्पादने दाखवली. सिंथेटिक पदार्थ काढून त्याच वजनाचे हर्बल पदार्थ घालावेत, पक्ष्याचे वजन तेवढेच येईल, यकृत चांगले राहील आणि टनामागे खर्चही वाचेल, असे त्यांचे म्हणणे आहे. शेजारच्या गावातील एका शेडवर त्यांनी घेतलेल्या चाचणीत निम्म्या पक्ष्यांना कोलीन क्लोराइड आणि निम्म्यांना हर्बल कोलीन दिले होते, आणि दोन्ही बाजूंची वजने सारखी आली, हे मी स्वतः पाहिले आहे. ग्राहकही हल्ली “केमिकल नसलेली कोंबडी” मागतात. मेथिओनाइन परदेशातून येत असल्याने त्याचा भाव कधी चढेल याचा नेम नसतो, हेही एक कारण आहेच. तिन्ही सिंथेटिक पदार्थ एकदम बंद करावेत का, की त्यांतील एखादाच? जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास उपकृत होईन.

पशुआहार_अभ्यासक

आपण घटकांचे प्रमाण दिले आहे, त्यामुळे मोघम सल्ल्याऐवजी थेट हिशेबच मांडता येईल. तिन्ही उत्पादनांचे उत्तर एक नाही, म्हणून आधी मेथिओनाइनपुरतेच लिहितो.

मका-सोयाबीनच्या खाद्यात अमिनो आम्लांपैकी सर्वांत आधी तुटवडा पडतो तो मेथिओनाइनचा. मक्यात ते साधारण ०.१८ टक्के आणि सोयाबीन पेंडीत ०.६३ टक्क्यांच्या आसपास असते. आपल्या स्टार्टरच्या एका टनात मक्यातून सुमारे १.०४ किलो आणि पेंडीतून सुमारे २.२७ किलो, म्हणजे एकूण ३.३ किलो मेथिओनाइन येते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यानुसार पहिल्या तीन आठवड्यांत खाद्यात ०.५० टक्के मेथिओनाइन लागते, आणि भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३७४ या मानकाच्या २००७ च्या आवृत्तीतही स्टार्टरसाठी ०.५ टक्केच सांगितले आहे. म्हणजे टनाला ५ किलो हवे आणि १.७ किलो कमी पडते. पिसांसाठी व ऊतींसाठी लागणारे सिस्टीन हे मेथिओनाइनपासून बनू शकणारे अमिनो आम्लही जमेस धरले, तर मेथिओनाइन आणि सिस्टीन मिळून ०.९० टक्के, म्हणजे टनाला ९ किलो हवे; आपल्या मका-पेंडीतून दोन्ही मिळून सुमारे ६.८ किलो येते आणि २.२ किलोंची तूट राहते. आपण घालता ते २.२ किलो डीएल-मेथिओनाइन नेमके ही तूट भरून काढते. ते सवयीने घातलेले नाही, तसेच ऐच्छिक टॉनिकही नाही.

आता त्या जागी २.२ किलो वनस्पतीची पूड घातली तर काय होईल ते पाहू. समजा त्या पुडीत १२ टक्के प्रथिने आहेत आणि त्या प्रथिनांत दीड टक्का मेथिओनाइन आहे. वनस्पतीजन्य प्रथिनांत सहसा एवढेच सापडते. या हिशेबाने संपूर्ण टनभर खाद्यात त्या पुडीतून जेमतेम ४ ग्रॅम मेथिओनाइन जाईल. हवे आहे २,२०० ग्रॅम. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

विक्रेत्यांना हे ठाऊक असते. म्हणून त्यांचा युक्तिवाद निराळा असतो: आमचे उत्पादन मेथिओनाइन पुरवत नाही, तर शरीरातील मेथिओनाइनचे काम करते, किंवा त्याची बचत करते. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. मेथिओनाइनचा एक भाग शरीरात मिथाइल गट पुरवण्यासाठी खर्ची पडतो आणि त्याचे होमोसिस्टीन होते. बीटेन किंवा कोलीन पुरेसे असेल तर त्यांच्या मिथाइल गटाच्या मदतीने त्या होमोसिस्टीनचे पुन्हा मेथिओनाइन बनते. परंतु ते होमोसिस्टीन मुळात मेथिओनाइनपासूनच आलेले असते, त्यामुळे या चक्रातून एक ग्रॅमही नवे मेथिओनाइन निर्माण होत नाही. ब्रॉयलर पक्षी पाच-सहा आठवड्यांत ४० ग्रॅमचा दोन किलोंहून अधिक होतो. त्या वाढीतील स्नायूंच्या आणि पिसांच्या प्रथिनांत जे गंधकयुक्त अमिनो आम्ल बसते, ते खाद्यातूनच यावे लागते.

“केमिकल” या भीतीबद्दलही दोन वाक्ये लिहितो. डीएल-मेथिओनाइन रासायनिक प्रक्रियेने बनते हे खरे. त्यातील निम्मा डी-प्रकार पक्ष्याच्या शरीरात विकरांच्या साह्याने एल-प्रकारात बदलतो आणि त्यापुढे ते पेंडीतून आलेल्या मेथिओनाइनपेक्षा कोणत्याही अर्थाने वेगळे राहत नाही, मांसात त्याचा वेगळा अवशेषही उरत नाही. आपण जे लायसिन घालता ते तर जिवाणूंच्या साह्याने किण्वन करूनच तयार होते. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांतही, जेथे सिंथेटिक पदार्थांना सहसा थारा नसतो, कोंबड्यांच्या खाद्यात मर्यादित प्रमाणात सिंथेटिक मेथिओनाइन घालण्याची मुभा द्यावी लागली आहे, कारण तेवढ्या प्रमाणात ते पुरवणारा दुसरा व्यवहार्य स्रोत मिळाला नाही. युरोपीय संघाने ही मुभा दिलेली नाही; तेथील सेंद्रिय उत्पादक पेंडीचे प्रमाण वाढवतात, सावकाश वाढणाऱ्या जाती पाळतात आणि त्याची किंमत ग्राहकाकडून वसूल करतात. आपल्या बाजारात ती किंमत मिळत असेल तर तोही एक मार्ग आहे.

वऱ्हाडातील_शेड

मेथिओनाइनबद्दल अभ्यासक महोदयांनी लिहिले आहे, मी व्हिटॅमिन सी बद्दल माझा विचार मांडतो, कारण आमच्याकडे अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हा प्रश्न दरवर्षी येतो.

कोंबडी आपल्या मूत्रपिंडात व्हिटॅमिन सी स्वतः तयार करते. माणसासारखी ती त्यासाठी अन्नावर अवलंबून नसते, म्हणून पावसाळ्यात व हिवाळ्यात ते विकत घेण्याचे मला तरी प्रयोजन दिसत नाही, मग ते सिंथेटिक असो वा हर्बल. उन्हाच्या ताणात मात्र पक्ष्याची गरज वाढते आणि शरीरातील निर्मिती पुरी पडत नाही, तेव्हा टनाला २०० ते २५० ग्रॅम दिल्याने फायदा होतो. आता एवढे व्हिटॅमिन सी आवळ्यातून द्यायचे म्हटले तर किती आवळा लागेल? ताज्या आवळ्यात १०० ग्रॅमला ५०० मिलिग्रॅम धरले तरी २०० ग्रॅमसाठी ४० किलो ताजे आवळे होतात. शिवाय आवळ्याचा हंगाम हिवाळ्यात आणि आपली गरज चैत्र-वैशाखात, म्हणजे वाळवलेली पूडच वापरावी लागणार आणि वाळवताना, साठवताना त्यातील काही भाग नष्ट होणार. टनाला शंभर-दोनशे ग्रॅम आवळायुक्त पूड घालून व्हिटॅमिन सीची गरज भागते, हे गणितात बसत नाही. आवळ्यातील टॅनिन वर्गातील द्रव्ये ऑक्सिडीकरणरोधक आहेत आणि त्यांचा वेगळा उपयोग असू शकतो, पण मग ते उत्पादन त्या नावाने विकावे.

सिंथेटिकमध्येही एक अडचण आहे आणि ती लपवू नये. साधे ॲस्कॉर्बिक आम्ल उष्णतेने व ओलाव्याने लवकर निकामी होते, त्यामुळे पेलेट खाद्यात ते घालणे जवळजवळ वाया जाते. लेपित किंवा फॉस्फेट स्वरूपातील घ्यावे, नाहीतर सरळ पिण्याच्या पाण्यातून द्यावे. माझा भर मात्र फॉगर, छतावर पाचट आणि दुपारी खाद्य उचलून ठेवणे यांवर अधिक असतो. भर दुपारी खाल्लेले खाद्य पचवताना पक्ष्याच्या शरीरात जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर कोणत्याही पुडीचा इलाज नाही.

माणदेशी_कुक्कुटपालक

दोघांचेही आभार. मेथिओनाइन काढायचे नाही, एवढे माझे मन वळले आहे. परंतु कोलीनच्या बाबतीत माझा पेच सुटत नाही. तेथे तर मी वजने डोळ्यांनी पाहिली आहेत. दोन्ही गटांतील फरक नगण्य होता आणि कोलीन कमी पडल्यावर येणारे पायांचे दोषही कोठे दिसले नाहीत. मग हर्बल कोलीन काम करते असे मानायला हरकत काय?

पशुआहार_अभ्यासक

हरकत एवढीच की, त्या चाचणीत तिसरा गट नव्हता.

पुन्हा आपलाच हिशेब घेऊ. मक्यात किलोला सुमारे ६२० मिलिग्रॅम आणि सोयाबीन पेंडीत सुमारे २,७०० मिलिग्रॅम कोलीन असते. आपल्या स्टार्टरच्या टनात मक्यातून ३६० ग्रॅम आणि पेंडीतून ९७० ग्रॅम, असे १,३३० ग्रॅम कोलीन आधीच आहे. मी वर उल्लेखलेल्या तक्त्यातील गरज टनाला १,३०० ग्रॅम आहे. फिनिशरमध्ये मका-पेंडीतून सुमारे १,१६५ ग्रॅम येते आणि तीन ते सहा आठवड्यांची गरज १,००० ग्रॅम आहे. पेंडीतील सगळेच कोलीन पक्ष्याला उपलब्ध होत नाही, म्हणून आपण १ किलो कोलीन क्लोराइडमधून आणखी सुमारे अर्धा किलो कोलीन घालतो, आणि हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे, विशेषतः पिल्लांच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. परंतु याचा अर्थ असा की, अशा खाद्यातून कोलीन क्लोराइड पूर्ण काढले आणि त्याच्या जागी काहीच घातले नाही, तरी वजनात फारसा फरक न दिसण्याची शक्यता मोठी आहे. मग त्या जागी हर्बल कोलीन घातले काय किंवा भाताच्या तुसाची पूड घातली काय, वजने सारखीच येणार. ज्या चाचणीत “काहीच न घातलेला” गट नसतो, ती चाचणी हर्बल पदार्थ कामाचा आहे हे सिद्ध करत नाही आणि निरुपयोगी आहे हेही सिद्ध करत नाही.

हर्बल उत्पादनांच्या बहुतेक प्रात्यक्षिकांत मला हीच उणीव दिसते. मेथिओनाइनची प्रात्यक्षिके पाहिलीत तर ती पुष्कळदा फिनिशरमध्ये घेतलेली असतात. त्यामागचे कारण समजून घ्या: आपल्याच फिनिशरचा हिशेब केला, तर मेथिओनाइन-सिस्टीनची तूट २.२ किलोंवरून जवळपास १.१ किलोवर येते, पक्ष्याची गरज वयानुसार घटलेली असते, आणि तीन आठवड्यांत कमावलेल्या शरीरावर उरलेल्या दिवसांतील तूट चटकन उघडी पडत नाही. पहिल्या दिवसापासून चाचणी घ्या म्हटले की विक्रेते सहसा विषय बदलतात.

कोलीनबाबत मी हर्बल बाजूला एक गुण मात्र देईन. कोलीन क्लोराइड हवेतील ओलावा फार ओढते आणि व्हिटॅमिन प्रीमिक्समध्ये मिसळून ठेवले तर व्हिटॅमिनांचा नाश करते. पावसाळ्यात उघड्या पोत्यातील कोलीन क्लोराइडची काय अवस्था होते हे आपण पाहिलेच असेल. फॉस्फॅटिडिल कोलीन असलेली वनस्पतीजन्य उत्पादने या बाबतीत अधिक सोयीची असतात. त्यामुळे ज्या उत्पादनात फॉस्फॅटिडिल कोलीन किती आहे हे लिहिलेले आहे आणि प्रयोगशाळेत तपासून तेवढे सापडते, त्याचा विचार मी फिनिशरमध्ये करीन. पोत्यावर आकडाच नसेल तर विचार करण्यासारखे काही उरत नाही.

वनस्पती_अर्क_तपासनीस

मी वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझा कल हर्बल बाजूकडे असणे स्वाभाविक आहे, हे आधीच सांगून ठेवते. वरील दोन्ही हिशेब मला मान्य आहेत. परंतु या चर्चेवरून वनस्पतींना खाद्यात जागाच नाही असा समज होऊ नये, म्हणून लिहीत आहे.

पोषकद्रव्याची तूट भरून काढणे हे एक काम, आणि पक्ष्याचे आतडे व यकृत यांचे कार्य नीट राखणे हे दुसरे. वनस्पतींची खरी जागा दुसऱ्या कामात आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर पूर्ण बंदी आणली आणि भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली. प्रतिजैविकांच्या या जागेवर काय घालावे, या शोधात ओव्यातील थायमॉल, ओरेगॅनोतील कार्व्हॅक्रॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड अशा द्रव्यांवर गंभीर काम झाले आहे. त्यांचे परिणाम सगळीकडे सारखे येत नाहीत. स्वच्छ, कोरड्या शेडमध्ये ते दिसतही नाहीत. जुन्या लिटरवर (शेडमध्ये पसरलेल्या तुसाच्या थरावर), दाट संख्येत, आतड्यांच्या तक्रारी असलेल्या ठिकाणी अधिक दिसतात. कालमेघ, भुईआवळा, माका, पुनर्नवा यांचा यकृतासाठीचा वापर आपल्याकडे जुना आहे, आणि त्यांना लिव्हर टॉनिक म्हणून पावसाळ्यात, मक्यात बुरशीची शंका असताना, साहाय्यक म्हणून द्यायला माझी ना नाही. मात्र मक्यात अफ्लाटॉक्सिनच (बुरशीचे विष) जास्त असेल तर आधी मका बदलावा; आयएस १३७४ मध्ये अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा २० पीपीबी (एक अब्ज भागांत २० भाग) आहे आणि ती ओलांडलेल्या मक्यावर काढ्याचा उतारा शोधणे म्हणजे खर्च दुप्पट करणे होय.

खरेदी करताना काय पाहावे, हे माझ्या कामाच्या अनुभवातून सांगते. “कालमेघ ५०० ग्रॅम” या उल्लेखावरून काहीच कळत नाही, कारण त्यातील अँड्रोग्रॅफोलाइड हे कडू द्रव्य पानांत अधिक व खोडात कमी असते, आणि काढणीची वेळ चुकली की तेही घटते. हळदीच्या नावाने येणाऱ्या पुडीत कर्क्युमिन किती आहे हे विचारल्याशिवाय ती घेऊ नये. सत्त्व काढून घेतलेला चोथाही हळदीच्याच रंगाचा असतो. विक्रेत्याकडे त्या लॉटचे प्रमाणपत्र मागावे, त्यात मुख्य द्रव्याची टक्केवारी एचपीएलसी (द्रव्ये वेगळी करून मोजण्याची प्रयोगशाळेतील) पद्धतीने मोजलेली असावी, आणि जड धातू, साल्मोनेला व अफ्लाटॉक्सिन यांची तपासणी असावी. शेवटचा मुद्दा लोक विसरतात: ओलसर जागी साठवलेल्या वनस्पतीच्या पुडीला स्वतःलाच बुरशी लागते, म्हणजे यकृतासाठी घातलेली पूडच यकृतावर भार टाकू शकते.

आणि ज्या पाकिटावर “हर्बल मेथिओनाइन” असे लिहिले आहे, त्याची अमिनो आम्ल तपासणी विक्रेत्याच्या खर्चाने करून मागावी. आपण शेजाऱ्यांना खाद्य विकत असाल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण खाद्याचा नमुना तपासला गेल्यास प्रयोगशाळेचे यंत्र मेथिओनाइन मोजते, ते “मेथिओनाइनसारखे कार्य” मोजत नाही.

माणदेशी_कुक्कुटपालक

ताई, आपले विशेष आभार. खाद्य मी विकत नाही, परंतु दोन नातेवाईक माझ्याकडूनच मिक्स करून नेतात, त्यामुळे आपला मुद्दा मलाही लागू होतो.

आता विचारतो ते असे की, पुढच्या बॅचमध्ये मी स्वतःच चाचणी घेतली तर ती कशी मांडावी? मेथिओनाइन पूर्ण काढलेला गट ठेवायला मन धजत नाही. तेवढे पक्षी खुरटलेले आणि विरळ पिसांचे निघाले तर बाजारात जाणार नाहीत, आणि एकमेकांची पिसे ओढण्याचा त्रास वेगळाच.

पशुआहार_अभ्यासक

मेथिओनाइन पूर्ण काढण्याची गरजच नाही. तीन गट करा. पहिल्या गटाच्या स्टार्टरमध्ये डीएल-मेथिओनाइन निम्मे, म्हणजे टनाला १.१ किलो, दुसऱ्यात नेहमीप्रमाणे २.२ किलो, तिसऱ्यात १.१ किलो डीएल आणि १.१ किलो हर्बल. बाकी सर्व घटक तंतोतंत सारखे ठेवा आणि तिन्हींचा मका व पेंड एकाच लॉटमधील घ्या. तिसरा गट दुसऱ्याच्या बरोबरीला आला आणि पहिल्याच्या स्पष्टपणे पुढे राहिला, तर त्या उत्पादनाने निदान निम्म्या मात्रेपुरते आपले म्हणणे खरे केले. तो पहिल्या गटापाशीच रेंगाळला तर आपण पूड विकत घेत होता. पहिला आणि दुसरा गटच सारखे आले, तर चाचणीतून निष्कर्ष काढू नका. खाद्यात तूट नव्हती किंवा मोजमापात गोंधळ झाला, एवढाच त्याचा अर्थ.

शेडचा एक भाग जाळीने विभागून पन्नास-पन्नास पक्ष्यांचे बारा कप्पे करा, म्हणजे प्रत्येक गटाला चार कप्पे येतील. एका गटाचा एकच मोठा कप्पा केलात तर खाद्याचा फरक आणि जागेचा फरक वेगळे काढता येणार नाहीत. पश्चिमेकडील पडद्याजवळचा कप्पा दुपारी तापतो आणि तेथील वजन कोणत्याही खाद्यावर कमी येते. म्हणून गटांच्या चिठ्ठ्या टाकून कप्पे ठरवा. पिल्ले एकाच हॅचची (एकाच वेळी उबवलेली) घ्या आणि कप्प्यात सोडताना कप्पानिहाय वजन नोंदवा.

वजन सातव्या, एकविसाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी, सकाळी एकाच वेळी घ्या. भांड्यात उरलेले खाद्य वजन करून वजा करा आणि मेलेल्या पक्ष्याचे वजन त्याच दिवशी लिहा, नाहीतर त्याने खाल्लेले खाद्य उरलेल्यांच्या नावावर चढून त्या कप्प्याचा एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले ते प्रमाण) विनाकारण बिघडलेला दिसतो. एफसीआरमधील लहान फरकाकडे दुर्लक्ष करू नका: २.४ किलोच्या पक्ष्यामागे ०.०५ चा फरक म्हणजे १२० ग्रॅम खाद्य, आणि आपल्या सहा हजार पक्ष्यांमागे ते ७२० किलो होते. विक्रेता टनामागे जी बचत सांगतो, ती या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

वऱ्हाडातील_शेड

एक व्यावहारिक पुस्ती जोडतो. तिन्ही खाद्ये एकाच मिक्सरवर करताना क्रम असा ठेवावा: आधी निम्म्या मात्रेचे, मग हर्बलचे आणि शेवटी पूर्ण डीएलचे, म्हणजे मिक्सरमध्ये मागे राहिलेले डीएल-मेथिओनाइन कमी मात्रेच्या खाद्यात जाणार नाही. किलो-दोन किलोचा पदार्थ थेट टनभर मालावर न टाकता आधी दहा-वीस किलो भरडलेल्या मक्यात हाताने नीट कालवून घ्यावा. आणि पोत्यांना वेगवेगळ्या रंगाची सुतळी बांधावी. कामगार संध्याकाळी घाईत कोणते पोते कोणत्या कप्प्यात रिकामे करतो, यावर आपले लक्ष नेहमी राहतेच असे नाही.